युद्धपटातील शत्रूची भाषा : ‘पावनखिंड’च्या निमित्ताने

युद्धपटाची चर्चा बहुधा रक्तपाताच्या प्रमाणापाशी येऊन थांबते. रक्त किती दाखवावे, तलवारीचा घाव किती जवळून दाखवावा, हे प्रश्न गौण नव्हेत. तथापि पडद्यावरील मृत्यूचा अर्थ दृश्यावर जितका अवलंबून असतो, तितकाच तो भाषेवरही अवलंबून असतो. मरणाऱ्यास नाव आहे काय, आणि तो कोणत्या भाषेत बोलतो, या दोन गोष्टी प्रेक्षकाची सहानुभूती आधीच वाटून टाकतात. दिग्पाल लांजेकर यांच्या ‘पावनखिंड’ (२०२२) या चित्रपटाच्या आधारे या वाटणीचे स्वरूप स्पष्ट करता येईल.

श्री. लांजेकर हे आपल्या चित्रपटांचे लेखकही आहेत व दिग्दर्शकही. ‘फर्जंद’ (२०१८), ‘फत्तेशिकस्त’ (२०१९), ‘पावनखिंड’, ‘शेर शिवराज’ (२०२२) आणि ‘सुभेदार’ (२०२३) हे त्यांचे शिवकालावरील चित्रपट एका योजनेतील असून त्यांची शैली सहज ओळखू येते. ‘पावनखिंड’चा विषय सर्वपरिचित आहे. सिद्दी जौहराने १६६० मध्ये पन्हाळ्यास घातलेला वेढा, शिवरायांचे विशाळगडाकडे प्रयाण, आणि १३ जुलै रोजी घोडखिंडीत बाजीप्रभू देशपांडे व बांदलांचे मावळे यांनी दिलेली झुंज. चित्रपटाचा उत्तरार्ध या झुंजीने व्यापलेला आहे. तेथील हिंसा वास्तवदर्शी नसून अलंकृत आहे. तिचे नाते वृत्तांतापेक्षा पोवाड्याशी अधिक जवळचे आहे.

पोवाड्यात शाहीर वीरांची नावे घेतो. नाव घेणे हाच तेथे स्मरणाचा विधी असतो. चित्रपटानेही तोच मार्ग धरला आहे. बाजीप्रभूंच्या जोडीने फुलाजी, रायाजी व कोयाजी बांदल, शिवा काशीद यांस नाव, घर आणि आप्त मिळाले आहेत. त्यामुळे त्यांचा मृत्यू चटका लावून जातो. सेनानायकाच्या सावलीत नाहीसे होणारे साधे शिपाई येथे उजेडात आले, हे या चित्रपटाचे खरे श्रेय होय. परंतु समोरच्या बाजूचे शिपाई निनावीच पडतात. त्यांची केवळ संख्या जाणवते, आणि संख्येसाठी कोणी अश्रू ढाळीत नाही.

या ठिकाणी क्वेंटिन टॅरेंटिनो यांच्या ‘इनग्लोरियस बास्टर्ड्‌स’ (२००९) या दुसऱ्या महायुद्धावरील चित्रपटाशी तुलना उद्बोधक ठरते. तोही हिंस्र आणि शैलीबद्ध आहे. मात्र त्यात ज्या जर्मन सार्जंटाचा दंडुक्याने वध होतो, त्यास नाव आहे. आपल्या साथीदारांचा ठावठिकाणा सांगण्यास तो निर्भयपणे नकार देतो. प्रेक्षकाच्या टाळीस तेथे खीळ बसते. भाषेचा उपयोगही पाहण्यासारखा आहे. आरंभीच्या प्रसंगात जर्मन अधिकारी फ्रेंच सोडून इंग्रजीकडे वळतो, तो लपलेल्या ज्यू कुटुंबास संभाषण कळू नये म्हणून. पुढे जर्मन वेषातील एक इंग्रज अधिकारी बोटांनी तीन ही संख्या दाखविण्याच्या परक्या रीतीमुळे उघडा पडतो. त्या चित्रपटात भाषा हे शस्त्र आहे. ते कोणाच्याही हाती जाऊ शकते.

‘पावनखिंड’मध्ये भाषा हे शस्त्र नसून कुंपण आहे. स्वकीय मराठी बोलतात, शत्रू हिंदी-उर्दू वळणाचे बोलतात. इतिहासात मात्र हे कुंपण असे सरळ नव्हते. विशाळगडास त्या वेळी वेढा घालून बसलेले सूर्यराव सुर्वे व जसवंतराव दळवी हे मराठेच होते. आदिलशाहीत तर पहिल्या इब्राहिमाच्या कारकिर्दीपासून (१५३४–१५५८) हिशेबाच्या दप्तरात फारसीऐवजी देशी भाषेस स्थान मिळाले होते. उलट शिवकालीन मराठी पत्रव्यवहारात फारसी शब्दांची इतकी दाटी होती, की राज्यव्यवहारकोशाची गरज भासली.

याचा सर्वांत बोलका पुरावा या चित्रपटमालेच्या नावांतच आहे. ‘फर्जंद’ म्हणजे पुत्र, हा शब्द फारसी. ‘फत्तेशिकस्त’मधील फत्ते अरबी, शिकस्त फारसी. ‘शेर’ फारसी. ‘सुभेदार’ हा अरबी सुभा आणि फारसी दार यांचा जोड. वर उल्लेखिलेल्या पाच नावांपैकी केवळ ‘पावनखिंड’ या संबंधातून मुक्त आहे. ज्या भाषेस पडद्यावर शत्रूची म्हणून वेगळे काढले, तिच्याच शब्दांनी स्वकीयांचा गौरव झाला आहे.

हा प्रश्न निव्वळ व्युत्पत्तीचा नव्हे. बारामती तालुक्यातील सांगवीसारख्या, नीरेकाठच्या गावातील प्रेक्षकाचा विचार करावा. त्याची ‘जमीन’, त्याचे ‘खरीप’ व ‘रब्बी’ हंगाम, त्याचा ‘तालुका’ आणि ‘जिल्हा’ हे सारे शब्द त्याच मार्गाने आलेले आहेत. त्याच तालुक्यातील सुपे हा शहाजीराजांच्या जहागिरीतील परगणा, आणि ती जहागीर त्यांच्याकडे आदिलशाहीच्या चाकरीतही होती. चित्रपटगृहात परकी म्हणून ऐकलेली भाषा तो प्रेक्षक घरी परतल्यावर स्वतःच बोलत असतो. हे त्यास कळले नाही, तर भूतकाळातील शत्रूची खूण वर्तमानकाळातील शेजाऱ्यावर उमटण्यास वेळ लागत नाही.

यावर असा आक्षेप संभवतो, की नाट्यास संकेत लागतातच. पक्ष ओळखू यावेत म्हणून भाषाभेद सोयीचा असतो. आक्षेप रास्त आहे. बाजीप्रभूंच्या पराक्रमाची थोरवीही वादातीत आहे. परंतु ती थोरवी शत्रू मुका किंवा निनावी असण्यावर अवलंबून नाही. समोरचा प्रतिपक्ष जितका मनुष्यरूपाने दिसेल, तितकी खिंड राखणाऱ्याची उंची वाढते. ‘पावनखिंड’ने स्मरणाचे कार्य चोख बजावले आहे. इतिहासाच्या आकलनासाठी मात्र अभ्यासकाने पडद्यावरील घावांबरोबर संवादही लक्षपूर्वक ऐकावयास हवेत, आणि नाव कोणास मिळाले व कोणास नाकारले गेले, याची नोंद ठेवावयास हवी.