रक्ताचा कर्करोग आणि मुलांचे खेळणे

लहान मुलांच्या कर्करोगांत रक्ताचा कर्करोग सर्वाधिक आढळतो, आणि त्यातही तीव्र लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया, म्हणजे डॉक्टरांच्या बोलण्यातला 'एएलएल'. तो गाठतो बहुधा २ ते ५ वर्षांच्या वयात, ऐन धावण्याच्या, उड्या मारण्याच्या दिवसांत. उपचार २ ते ३ वर्षे चालतात. एवढा काळ मुलाला जपायचे म्हणून घरचे त्याला उचलून नेतात, जिना चढू देत नाहीत. माया समजण्यासारखी असली तरी पायांतली ताकद त्यामुळे आणखी उतरते.

ती आधीच उतरू लागलेली असते, आणि त्याला आजाराइतकीच औषधेही कारणीभूत असतात. डेक्सामेथासोन, प्रेडनिसोलोन ही स्टेरॉइडे मांड्या आणि नितंबांचे स्नायू झिजवतात, हाडे विरळ करतात. मांडी घालून बसलेल्या मुलाला हाताचा टेकू घेतल्याशिवाय उठता येईनासे झाले, की ही झीज सुरू झाली असे समजावे. व्हिन्क्रिस्टिन या केमोच्या औषधाचा रोख नसांवर असतो. चालताना पाऊल पुरते उचलले जात नाही, चवडा जमिनीला घासतो, मूल सपाट फरशीवरही अडखळते. पोटरी आखडत गेली तर टाच टेकेनाशी होते. म्हणून फिजिओथेरपिस्ट सुरुवातीपासूनच पोटरीचा ताण, टाचांवर चालणे आणि खुर्चीवरून पुन्हापुन्हा उठणे करून घेतात. तीन-चार वर्षांचे मूल 'व्यायाम कर' म्हटल्याने काही करत नाही; त्याला टाचांवर चालणारे अस्वल व्हायला सांगितले, की वॉर्डातही काम होते.

किती खेळायचे, हे त्या दिवसाचे रक्त ठरवते. प्लेटलेट ५०,००० च्या खाली असताना कबड्डी, सायकल, झाडावर चढणे असे आदळआपटीचे प्रकार नकोत. २०,००० च्या खाली आल्यास हलक्या हालचालींवरच थांबावे. नेमकी मर्यादा प्रत्येक रुग्णालयात थोडी वेगळी असते. ताप आला, धाप लागली, रक्तस्राव दिसला तर खेळ बंद करून डॉक्टरांना गाठायचे. पांढऱ्या पेशी घटल्या असतील तर गर्दी आणि साचलेले पाणी टाळायचे, घरातल्या घरात फिरायला हरकत नाही. औषधांसाठी छातीतून बाहेर काढलेली नळी असेल तर पोहणे नाही. दहा वर्षांपुढच्या मुलाचा खुबा किंवा गुडघा सतत दुखत असेल, तर स्टेरॉइडांमुळे हाडाचा रक्तपुरवठा तुटल्याची शक्यता तपासून घ्यावी, आणि तोवर उड्या बंद.

व्यायामाने नक्की किती फरक पडतो? वैद्यकीय अभ्यासांचे एकत्रित आढावे घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०१६ च्या आढाव्यात बालकर्करोगावरचे अवघे ६ अभ्यास निकषांत बसले. त्यांत स्नायूंची ताकद, लवचीकपणा आणि दम यांत काही सुधारणा दिसली, पण पुरावा तुटपुंजाच होता. व्यायामाने कर्करोग बरा होतो असा दावा मात्र कोणी करत असेल, तर त्याकडे दुर्लक्ष करावे.

देखभालीच्या टप्प्यात, म्हणजे गोळ्यांवर आल्यावर, बहुतेक मुले शाळेत जाऊ लागतात. पीटीच्या तासाला त्यांना बाकावर बसवून ठेवण्यापेक्षा शिक्षकांनी लगोरी, लंगडीत घ्यावे आणि दमल्यावर बसू द्यावे. ५ ते १७ वर्षांच्या मुलांसाठी जागतिक आरोग्य संघटनेने रोज सरासरी ६० मिनिटांची हालचाल सांगितली आहे; ही मुले तिथवर हळूहळू, काही महिन्यांत पोहोचली तरी चालते. डॉक्सोरुबिसिनसारखी हृदयावर परिणाम करणारी औषधे ज्यांना मिळाली आहेत, त्यांनी मोठेपणी स्पर्धांत उतरण्यापूर्वी किंवा जिममध्ये वजने उचलण्यापूर्वी टू-डी इको ही हृदयाची तपासणी करून घेणे आवश्यक असते.