पाटणा, गया, सारनाथ: रेल्वेने वाचायचा आपला इतिहास

नागपूरहून पाटण्याच्या दिशेने जाणाऱ्या एका गाडीचे नाव संघमित्रा एक्स्प्रेस आहे. बंगळुरूहून निघालेली ही गाडी नागपूर, जबलपूर, प्रयागराज करत पाटण्याशेजारच्या दानापूरला पोहोचते. सम्राट अशोकाच्या ज्या लेकीने बोधिवृक्षाची फांदी श्रीलंकेला नेली, तिचे हे नाव. दीक्षाभूमीला दरवर्षी जाणारे आपल्यातले कितीतरी तरुण या गाडीत मात्र कधी बसलेले नसतात. "खर्च फार येतो, टूरवाल्यांशिवाय जमत नाही" असे त्यांना वाटते. आम्ही मित्रमैत्रिणी स्लीपर क्लासने, पाठीवर एक सॅक घेऊन जाऊन आलो. तेवढ्यावर हा प्रवास होतो, म्हणून हे लिहीत आहोत.

सुरुवात पाटण्यापासून करा. मुंबईकरांना लोकमान्य टिळक टर्मिनसहून थेट गाड्या आहेत. आजचे पाटणा म्हणजे अशोकाचे पाटलिपुत्र. शहरातल्या कुम्हरार भागात १९१२ पासून झालेल्या उत्खननात ८० खांबांच्या मौर्यकालीन सभागृहाचे अवशेष मिळाले. त्या उत्खननाला पैसा रतन टाटांनी दिला होता (जमशेदजींचे धाकटे पुत्र). शहरातले बिहार म्युझियमही चुकवू नका.

पाटण्याहून बख्तियारपूरमार्गे राजगीरला रेल्वे जाते. वाटेत नालंदा स्टेशन लागते. विटांच्या त्या खोल्यांमधून फिरताना एक गोष्ट लक्षात ठेवा. ही जागा नालंदाच आहे, हे १९व्या शतकात कनिंगहॅम यांनी ओळखले ते ह्युएन त्सांगच्या प्रवासवर्णनाच्या आधाराने. सातव्या शतकात चीनहून आलेल्या एका भिक्खूने पाहिले ते लिहून ठेवले, म्हणून बाराशे वर्षांनी आपला वारसा सापडला.

पुढचा टप्पा गया. पाटण्याहून गाडीने साधारण अडीच-तीन तास. गया जंक्शनबाहेरून शेअर रिक्षा बोधगयेला नेतात. महाबोधी विहारात मोबाइल नेता येत नाही. आम्हाला आधी त्याची चुटपुट लागली, पण बोधिवृक्षाखाली तासभर शांत बसता आले ते त्यामुळेच.

बोधगयेला जाण्याआधी तिथला कायदा समजून घ्या. अनागारिक धम्मपाल १८९१ मध्ये इथे आले, तेव्हा विहार महंतांच्या ताब्यात होता. तो बौद्धांना मिळावा म्हणून त्यांनी आयुष्यभर लढा दिला. पुढे १९४९ चा बोधगया मंदिर कायदा आला. त्यानुसार व्यवस्थापन समितीत चार बौद्ध आणि चार हिंदू सदस्य असतात, अध्यक्ष जिल्हाधिकारी असतो. हा अध्यक्ष हिंदूच असावा ही अट २०१३ च्या दुरुस्तीने गेली, पण चार-चारची विभागणी कायम राहिली. विहाराचे पूर्ण व्यवस्थापन बौद्धांकडे द्यावे, या मागणीसाठी फेब्रुवारी २०२५ मध्ये भिक्खूंनी तिथे उपोषण सुरू केले. आपल्या गावात या प्रश्नावर बोलताना आपण विहार डोळ्यांनी पाहिलेला असेल आणि कायदा वाचलेला असेल, तर बोलण्याला वजन येते.

गयेहून वाराणसीची गाडी पकडा. बोधी प्राप्त झाल्यावर तथागत पाच परिव्राजकांना धम्म सांगण्यासाठी पायी निघाले, ते याच दिशेने. वाटेत सोन नदीचा लांबलचक पूल लागतो, मग सासाराम येते. तिथल्या टेकडीवर अशोकाचा शिलालेख आहे. गाडीला चार-पाच तास लागतात. ते अंतर अनवाणी चालणे म्हणजे काय, हे खिडकीत बसून कळते.

वाराणसी स्टेशनापासून सारनाथ दहा किलोमीटरच्या आसपास. १७९४ मध्ये जगतसिंग नावाच्या दिवाणाने इथला धर्मराजिक स्तूप पाडून त्याच्या विटा बाजार बांधायला नेल्या. म्हणून तिथे आज फक्त गोल जोते दिसते. १९०४-०५ च्या उत्खननात सिंहशीर्ष मिळाले. तेच पुढे भारताची राजमुद्रा झाले. ते सारनाथच्या संग्रहालयात आहे, आणि संग्रहालय शुक्रवारी बंद असते. आम्ही नेमके शुक्रवारी पोहोचलो आणि एक मुक्काम वाढवावा लागला. तुम्ही वार बघून जा. नोव्हेंबर १९५६ मध्ये, काठमांडूच्या जागतिक बौद्ध परिषदेनंतर, बाबासाहेबही सारनाथला आले होते.

थोडे व्यवहाराचे. आरक्षण ६० दिवस आधी उघडते, त्याच दिवशी तिकीट काढा. डिसेंबर-जानेवारीत धुक्यामुळे गाड्या तासन्‌तास रखडतात, त्यापेक्षा ऑक्टोबर-नोव्हेंबर किंवा फेब्रुवारी-मार्च बरा. विहारांच्या धर्मशाळांत स्वस्तात राहता येते, आधी फोन करून विचारा. चादर, पाण्याची बाटली आणि ओळखपत्र जवळ ठेवा.

आणखी एक वस्तू न्या: वही. काही गाइड चमत्काराच्या गोष्टी सांगतील. त्यांना नम्रपणे विचारा, हे कुठे लिहिले आहे? फलक वाचा, तारखा टिपून घ्या, पाहिले ते लिहा. परत आल्यावर वस्तीतल्या विहारात पोरांना जमवून ती वही वाचून दाखवा. पुढच्या खेपेला त्यातली दोघे तरी तुमच्याबरोबर गाडीत बसतील.