नाशिक परिसरातील गव्हाच्या वाणांची निवड : उत्पादन आणि दाण्याची प्रत

प्रस्तावना

नाशिक जिल्हा द्राक्ष आणि कांदा या पिकांसाठी सर्वत्र परिचित आहे. गव्हाच्या संदर्भात मात्र या जिल्ह्याचे स्थान तुलनेने कमी चर्चिले जाते. वास्तविक निफाड तालुक्यातील कुंदेवाडी येथे १९३२ पासून गव्हावर संशोधन करणारे केंद्र कार्यरत आहे. आज ते महात्मा फुले कृषी विद्यापीठ, राहुरी या विद्यापीठाचा भाग आहे. दर हिवाळ्यात वृत्तपत्रांतून निफाडच्या किमान तापमानाची जी नोंद प्रसिद्ध होते, ती याच केंद्रातील असते. ज्या थंडीची बातमी होते, तीच थंडी गव्हाचे भवितव्य ठरविते.

महाराष्ट्राची गव्हाची हेक्टरी उत्पादकता देशाच्या सरासरीच्या जवळपास निम्मी आहे. पंजाब व हरियाणा येथील दीर्घ हिवाळा, भरपूर सिंचन आणि गाळाची जमीन यांच्याशी दख्खनच्या पठाराची तुलना करणे अन्यायाचे ठरेल. तथापि या तफावतीचा सर्व दोष हवामानाला देणेही योग्य नाही. वाणाची निवड केवळ नावावरून किंवा ‘सर्वांत जास्त उत्पादन देणारा’ या वर्णनावरून होते, तेव्हा उत्पादन आणि प्रत या दोहोंचे नुकसान होते. गव्हाचा कोणताही वाण सर्व परिस्थितींत श्रेष्ठ नसतो. पेरणीची तारीख, उपलब्ध पाणी आणि धान्याचा अंतिम उपयोग या तीन बाबींवर त्याची योग्यता ठरते. या तीन बाबींचे विवेचन करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

गव्हाचे तीन प्रकार आणि त्यांचे उपयोग

महाराष्ट्रात गव्हाच्या तीन प्रजाती लागवडीखाली आहेत. पहिली सरबती गव्हाची (ट्रिटिकम एस्टिव्हम). पोळी, पाव आणि बिस्किटे यांसाठी हाच गहू वापरला जातो. दुसरी बन्सी किंवा बक्षी गव्हाची (ट्रिटिकम ड्युरम). रवा, शेवया आणि कुरडया यांसाठी घरोघरी याच गव्हाला पसंती असते. तिसरा खपली गहू (ट्रिटिकम डायकोकम). त्याचा दाणा मळणीनंतरही टरफलात राहतो. खीर व लापशीसाठी तो पूर्वापार प्रसिद्ध आहे.

या भेदाचे मूळ गुणसूत्रांत आहे. सरबती गव्हात ४२ गुणसूत्रे असतात, तर बन्सी व खपली यांत २८. सरबती गव्हातील जादा १४ गुणसूत्रांच्या संचावर, ज्याला ‘डी’ जनुकसंच म्हणतात, दाण्याचा मऊपणा नियंत्रित करणारी जनुके असतात. बन्सी गव्हात हा संचच नसल्याने त्याचा दाणा अतिशय कठीण राहतो. तो दळताना पिठाऐवजी रवाळ कण अधिक पडतात. पावाचा गोळा फुगण्यासाठी लागणाऱ्या लवचिक ग्लुटेनशी निगडित काही महत्त्वाची जनुकेही याच ‘डी’ संचावर आहेत. म्हणून रव्याला उत्तम असणारा गहू पावाला उत्तम ठरत नाही.

यावरून ‘चांगली प्रत’ हा शब्दप्रयोग उपयोगाच्या संदर्भाशिवाय अपुरा आहे, हे लक्षात येते. पोळीसाठी पाणी अधिक शोषणारे, मध्यम ताकदीच्या ग्लुटेनचे पीठ हवे, म्हणजे पोळी मऊ राहते. पावासाठी ग्लुटेन बळकट हवे. बिस्किटासाठी याच्या उलट, मऊ दाणा आणि कमकुवत ग्लुटेन इष्ट असते, अन्यथा बिस्किट पसरत नाही. निफाड येथे विकसित झालेला ‘फुले सात्त्विक’ (एनआयएडब्ल्यू ३१७०) हा वाण बिस्किटांसाठी योग्य म्हणून ओळखला जातो. पोळीच्या निकषावर त्याचे मूल्यमापन करणे सयुक्तिक होणार नाही.

निफाडची परंपरा

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तांबेरा हा गव्हाचा सर्वांत मोठा शत्रू होता. १९४६-४७ च्या हंगामात मध्य भारतात खोडावरील तांबेऱ्याने पिकाची प्रचंड हानी केली. निफाड येथे स्थानिक गव्हाचा केनियातील तांबेरारोधक गव्हाशी संकर करून जे वाण तयार झाले, त्यांना दोन्ही नावांच्या संयोगातून ‘केनफड’ हे नाव मिळाले. महाबळेश्वर येथे गव्हावरील तांबेऱ्याच्या अभ्यासासाठी स्वतंत्र संशोधन केंद्रही आहे. दक्षिणेतील डोंगराळ भागात वर्षभर टिकून राहणारे तांबेऱ्याचे बीजाणू वारा व पाऊस यांबरोबर उत्तरेकडे सरकतात. त्यांच्या या मार्गावर महाराष्ट्र येत असल्याने येथील वाणाची रोगप्रतिकारक्षमता हा केवळ स्थानिक प्रश्न राहत नाही.

नंतरच्या काळात निफाडच्या अनेक वाणांना नाशिक परिसरातील पवित्र स्थळांची व नदीची नावे देण्यात आली. ‘त्र्यंबक’ (एनआयएडब्ल्यू ३०१) आणि ‘तपोवन’ (एनआयएडब्ल्यू ९१७) हे बागायती, वेळेवर पेरणीसाठीचे सरबती वाण आहेत. ‘गोदावरी’ (एनआयडीडब्ल्यू २९५) हा बागायती बन्सी वाण असून ‘पंचवटी’ (एनआयडीडब्ल्यू १५) हा जिरायती बन्सी वाण आहे. बागायती उशिरा पेरणीसाठी एनआयएडब्ल्यू ३४ दीर्घकाळ वापरात राहिला. ‘नेत्रावती’ (एनआयएडब्ल्यू १४१५) जिरायती किंवा एकाच पाण्याची सोय असलेल्या क्षेत्रासाठी, तर ‘फुले समाधान’ (एनआयएडब्ल्यू १९९४) वेळेवर व उशिरा अशा दोन्ही बागायती पेरण्यांसाठी शिफारस केलेला आहे. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेचे ‘एमएसीएस’ मालिकेतील वाणही राज्यात लागवडीखाली आहेत. त्यांपैकी ‘एमएसीएस ४०२८’ हा जिरायती बन्सी वाण सुमारे १०२ दिवसांत तयार होतो. त्यात १४.७ टक्के प्रथिने असून जस्त व लोह यांचे प्रमाणही चांगले आहे. ही यादी परिपूर्ण नाही. प्रत्येक वाणाच्या नावापाठोपाठ एक अट येते, हे तिच्यातून स्पष्ट व्हावे. ती अट वगळून केवळ नाव लक्षात ठेवले जाते, तेथेच चूक होते.

पेरणीची तारीख : न दिसणारा खर्च

बागायती गव्हाची वेळेवर पेरणी नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात करावी, अशी शिफारस आहे. त्यानंतर पेरणी लांबल्यास प्रत्येक पंधरवड्यास हेक्टरी सुमारे २.५ क्विंटल उत्पादन घटते, असे विद्यापीठाच्या मार्गदर्शनात सांगितले जाते. या घटीचे कारण सोप्या हिशेबाने समजते.

१० नोव्हेंबरला पेरलेला ११५ दिवसांचा वाण जानेवारीच्या मध्यास फुलोऱ्यात येतो आणि मार्चच्या पहिल्या आठवड्यात पक्व होतो. त्याचा दाणा भरण्याचा काळ थंडीच्या उत्तरार्धात जातो. तोच वाण १० डिसेंबरला पेरल्यास फुलोरा फेब्रुवारीच्या मध्यास येतो आणि दाणा भरण्याचा बहुतेक काळ मार्चमध्ये जातो. त्या वेळी नाशिकचे कमाल तापमान ३५ अंश सेल्सिअसच्या आसपास पोहोचलेले असते. दाणे भरण्यासाठी २५ अंशांच्या आसपासचे तापमान अनुकूल मानले जाते. त्यापेक्षा अधिक उष्णतेत पीक लवकर पिवळे पडते, दाण्यात पिष्ट साठण्याची क्रिया मंदावते आणि दाणा बारीक व सुरकुतलेला राहतो. मार्च २०२२ मधील उष्णतेच्या लाटेने उत्तर भारतातही हेच घडविले. त्या वर्षी १३ मे रोजी केंद्र शासनाने गव्हाच्या निर्यातीवर बंदी घातली.

नाशिकमधील पीकपद्धतीत हा प्रश्न अधिक तीव्र होतो. सोयाबीन ऑक्टोबरमध्ये निघाल्यास गव्हाला वेळ मिळतो. परंतु खरीप कांद्याची काढणी लांबली, तर शेत डिसेंबरमध्येच रिकामे होते. अशा वेळी ११५ दिवसांचा, ‘जास्त उत्पादनाचा’ म्हणून नावाजलेला वाण पेरणे तोट्याचे असते. १०० ते १०५ दिवसांत तयार होणारा, उष्णता सहन करणारा वाण तेथे योग्य ठरतो. त्याची उत्पादनक्षमता कागदावर कमी दिसली, तरी प्रत्यक्ष पदरात पडणारे धान्य अधिक असते.

बियाण्याचे प्रमाणही तारखेनुसार बदलते. वेळेवर पेरणीस हेक्टरी १०० किलो, उशिरा पेरणीस १२५ किलो आणि जिरायती पेरणीस ७५ किलो बियाणे सुचविले जाते. उशिरा पेरलेल्या पिकाला फुटवे कमी येत असल्याने ती उणीव रोपांच्या संख्येने भरून काढावी लागते. तथापि किलोचा आकडा यांत्रिकपणे घेणे बरोबर नाही. एका दाण्याचे वजन ४० मिलिग्रॅम असल्यास १०० किलो बियाण्यातून प्रति चौरस मीटर २५० दाणे पडतात. वजन ५० मिलिग्रॅम असल्यास ते २०० होतात. त्यामुळे टपोऱ्या दाण्याच्या वाणाचे बियाणे थोडे वाढविणे आवश्यक ठरते. पेरणीची खोली ५ ते ६ सेंटिमीटरपेक्षा अधिक नसावी, कारण आजच्या बहुतेक बुटक्या वाणांचा कोंब आखूड असतो आणि खोल पेरल्यास तो जमिनीवर येण्यापूर्वीच दुबळा होतो.

पाणी आणि नत्र

वाढीच्या चार अवस्थांमध्ये गव्हाला पाण्याची निकड असते : १८ ते २१ दिवसांनी मुकुटमुळे फुटताना, ४० ते ४५ दिवसांनी कांडी धरताना, ६५ ते ७० दिवसांनी फुलोरा व चीक भरताना आणि ८० ते ८५ दिवसांनी दाणे भरताना. पाणी अपुरे असल्यास एकच पाणी ४० ते ४२ दिवसांनी, दोन पाणी शक्य असल्यास २० ते २२ व ६० ते ६५ दिवसांनी देण्याची शिफारस आहे. कालव्याचे आवर्तन मात्र पिकाच्या अवस्थेप्रमाणे येत नाही. म्हणून हाती असलेल्या पाण्याची संख्या पेरणीपूर्वीच मोजून, त्यास साजेसा वाण निवडणे हितावह आहे. चार पाण्यांसाठी निवडलेला वाण एका पाण्यावर आपली क्षमता दाखवू शकत नाही.

बागायती वेळेवर पेरणीस हेक्टरी १२० किलो नत्र, ६० किलो स्फुरद व ४० किलो पालाश द्यावे, असे सांगितले जाते. निम्मे नत्र पेरणीच्या वेळी आणि उरलेले सुमारे तीन आठवड्यांनी पहिल्या पाण्याबरोबर देण्याची पद्धत आहे. या विभागणीचा संबंध उत्पादनाइतकाच प्रतीशीही आहे. बन्सी गव्हाला नत्र कमी पडल्यास दाण्याची काचेसारखी चकाकी जाऊन त्यावर पांढुरके, पिठाळ डाग दिसतात. असा दाणा दळल्यावर रवा कमी व पीठ अधिक पडते. बाजारात त्याचा भाव उतरतो आणि दोष बहुधा वाणाला दिला जातो.

प्रतीविषयीचे दोन गैरसमज

पहिला गैरसमज प्रथिनांच्या टक्केवारीसंबंधी आहे. उष्णतेने सुरकुतलेल्या दाण्यात प्रथिनांचे शेकडा प्रमाण पुष्कळदा वाढलेले आढळते. याचे कारण प्रथिने अधिक साठली हे नसून पिष्ट कमी साठले हे असते. हेक्टरी एकूण प्रथिने अशा पिकात कमीच मिळतात. म्हणून प्रथिनांचा आकडा नेहमी हजार दाण्यांचे वजन आणि हेक्टोलिटर वजन यांच्या जोडीने वाचावा लागतो.

दुसरा गैरसमज नावासंबंधी आहे. बाजारपेठेत ‘लोकवन’ हे नाव सर्वांच्या तोंडी आहे. हे नाव गुजरातमधील सणोसरा येथील लोकभारती संस्थेत विकसित झालेल्या ‘लोक-१’ या वाणावरून रूढ झाले. हा वाण चार दशकांहून जुना असून तांबेऱ्यास बळी पडणारा आहे. आज या नावाने विकला जाणारा प्रत्येक दाणा त्याच वाणाचा असेल, असे मानता येत नाही. नाव वाणाचे न राहता मालाच्या एका दर्जाचे झाले आहे. धान्य विकत घेणाऱ्या कुटुंबाची त्यामुळे फारशी हानी होत नाही. बियाणे म्हणून तेच धान्य वापरणाऱ्या शेतकऱ्याची मात्र होते, कारण त्याला पक्वतेचा कालावधी आणि रोगप्रतिकारक्षमता यांपैकी काहीच निश्चित ठाऊक नसते. गहू हे स्वपरागसिंचित पीक असल्याने एकदा प्रमाणित बियाणे घेऊन, भेसळीची झाडे उपटून, घरचे बियाणे काही वर्षे वापरता येते. शुद्ध वाण परवडत नाही, ही सबब त्यामुळे फारशी टिकत नाही.

काढणीच्या सुमारास होणारा अवकाळी पाऊसही प्रत बिघडवितो. पक्व ओंबी भिजल्यास दाण्याची चमक जाते आणि अंकुरणाची क्रिया सुरू होऊन पिष्टाचे विघटन करणारी विकरे जागी होतात. अशा गव्हाची कणीक चिकट होते. लवकर तयार होणारा वाण हा धोका काही अंशी टाळतो.

निष्कर्ष

नाशिकचा हिवाळा आखूड आहे. त्यात भर घालणे शेतकऱ्याच्या हाती नाही, परंतु तो कोणत्या अवस्थेत खर्ची घालावयाचा, हे त्याच्या हाती आहे. शेत कधी रिकामे होणार, पाणी किती वेळा मिळणार आणि धान्य पोळीसाठी, रव्यासाठी की बिस्किटासाठी जाणार, या तीन प्रश्नांची उत्तरे या क्रमाने मिळाल्यावरच वाणाचे नाव घेणे योग्य ठरते. उत्पादन आणि प्रत ही परस्परविरोधी उद्दिष्टे आहेत, असे अनेकदा मानले जाते. येथील परिस्थितीत मात्र दाणा थंडीत पूर्ण भरणे हीच दोहोंची समान अट आहे. ती पाळली गेल्यास दोन्ही साधतात आणि चुकल्यास दोन्ही हातची जातात.