लग्नाआधी बेटावर फिरताना

पूर्वी वऱ्हाड एस.टी.ने निघे. जागरण, उन्हातली वरात आणि मठ्ठ्याचे पाणी एवढेच तब्येतीचे शत्रू असत. हल्ली लहान गावांतली घरेही अंदमानच्या हॅवलॉक बेटावर कार्य करू लागली आहेत. (२०१८ पासून या बेटाचे सरकारी नाव स्वराज द्वीप आहे.) कार्याआधी दोन-तीन दिवस आजी-आजोबा, मामा-मावशी, व्याही-विहीण, लहान मुले असा सगळा गोतावळा बेट पाहत हिंडतो. हौसेला आमचा विरोध नाही. पण तिथले ऊन, तिथला समुद्र आणि तिथले घड्याळ आपल्याकडच्यासारखे नाही, हे निघण्यापूर्वी समजून घेतले पाहिजे.

आधी घड्याळाचे पाहू. अंदमानात वेळ मुंबईचीच असली तरी ही बेटे मुंबईच्या पूर्वेला जवळजवळ वीस रेखांशांवर आहेत. एका रेखांशाला चार मिनिटे धरली तर तिथे सूर्य आपल्यापेक्षा सुमारे ऐंशी मिनिटे आधी येतो. हिवाळ्यात पाच-साडेपाचला अंधार होतो आणि पहाटे पाचच्या सुमारास उजाडू लागते. सूर्य माथ्यावर येतो तो आपल्याकडे साडेबाराच्या पुढे, तिथे मात्र सव्वाअकरा-साडेअकरालाच. म्हणून 'बारानंतर ऊन टाळा' हा घरचा नियम तिथे उपयोगाचा नाही. दहा ते एक ही वेळ सावलीत काढावी. नेमके याच वेळी सर्वजण राधानगर किंवा काला पत्थरच्या किनाऱ्यावर असतात! पांढरी वाळू आणि पाणी दोन्ही ऊन परतवतात, त्यामुळे छत्रीखाली बसूनही चेहरा भाजतो. पाण्यावर पालथे पडून प्रवाळ पाहणाऱ्यांची पाठ तर हमखास भाजते, कारण पाण्याच्या गारव्यात ते कळतच नाही. नवऱ्या मुलीने अंगभर बाह्यांचा शर्ट घालूनच पाण्यात उतरावे. भाजल्यावर दोन-तीन दिवसांनी साले निघू लागतात, आणि तोच नेमका हळदीचा किंवा शालूचा दिवस असतो. सनस्क्रीन मलम लावायचे तर ते दर दोन तासांनी आणि पाण्यातून बाहेर आल्यावर पुन्हा लावावे.

मधुमेहाच्या रुग्णांनी घड्याळाकडे आणखी लक्ष द्यावे. श्री विजयपुरम (२०२४ पर्यंतचे पोर्ट ब्लेअर) येथून हॅवलॉकला जाणाऱ्या बोटी बऱ्याचदा पहाटेच सुटतात. गोळी किंवा इन्सुलिन घेतले, घाईत नाश्ता राहिला, वर बोटीत उलटी झाली, की साखर झपाट्याने उतरते. घाम, थरथर, बडबड सुरू झाली तर 'बोट लागली' असे समजून स्वस्थ बसू नये. माणूस शुद्धीत असेल तर लगेच साखरेचे पाणी द्यावे. इन्सुलिन विमानाच्या मालाच्या डब्यात टाकू नये, तिथे ते गोठू शकते आणि गोठलेले इन्सुलिन वाया जाते. हातातल्या पिशवीत, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह ठेवावे.

बोट का लागते? तोल सांभाळणारे यंत्र आपल्या कानाच्या आत असते. बोट हलते आहे असे ते सांगते, तर केबिनमध्ये बसलेले डोळे सगळे स्थिर असल्याचे सांगतात. या भांडणातून मळमळ होते. म्हणून बोटीच्या मध्यावर बसावे, मोबाइलवर वाचू नये, दूर क्षितिजाकडे पाहावे. उपाशी निघू नये आणि तेलकट वडेही खाऊ नयेत. थोडी बिस्किटे किंवा खाकरा पुरे. उलटीची गोळी निघण्यापूर्वी तास-दीड तास आधी घ्यायची असते, उलट्या सुरू झाल्यावर ती पोटात टिकत नाही. या गोळ्यांनी झोप येते. काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असलेल्या आजोबांनी त्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत.

रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी घेणाऱ्यांना दमट उन्हात चक्कर येण्याचा धोका अधिक. पाणी तहान लागायच्या आधीच प्यावे. शहाळे उत्तमच, पण मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी ते टाळावे, त्यातले पोटॅशियम त्यांना अपायकारक ठरू शकते. कित्येक मराठी कुटुंबे सावरकरांची कोठडी पाहण्यासाठी सेल्युलर जेलला आवर्जून जातात. तिथे दगडी जिने चढावे लागतात. गुडघे आणि हृदय दुबळे असलेल्यांनी सकाळी लवकर, थांबत-थांबत चढावे. नील बेटावरचा (आताचे शहीद द्वीप) नैसर्गिक दगडी पूल ओहोटीतच पाहता येतो. वाट शेवाळलेल्या प्रवाळावरून असते. पायाचे हाड मोडले तर लग्न खुर्चीत बसून पाहावे लागेल, हे आजींना स्पष्ट सांगा. प्रवाळाने कापलेली जखम क्षुल्लक दिसली तरी ती स्वच्छ पाण्याने भरपूर धुवावी, कारण ती लवकर चिघळते.

समुद्रात उतरायचे ते जीवरक्षक असलेल्या, जाळी लावलेल्या भागातच. या बेटांच्या खाड्यांत खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत. २०१० मध्ये हॅवलॉकलाच एका परदेशी तरुणीचा मगरीच्या हल्ल्यात मृत्यू झाला होता. इशाऱ्याची पाटी ही शोभेची वस्तू नव्हे. जेलीफिश चावल्यास वाळूने घासू नये व गोडे पाणी ओतू नये; समुद्राच्याच पाण्याने धुवावे. धाप लागली किंवा छातीत दुखले तर ताबडतोब दवाखाना गाठावा. बेटावर प्राथमिक आरोग्य केंद्र आहे. पण मोठ्या रुग्णालयासाठी समुद्र ओलांडावा लागतो आणि रात्री किंवा वादळात ते सोपे नाही. म्हणूनच हृदयविकाराच्या रुग्णाने आधी तपासणी करून घेणे बरे. मे महिन्यातल्या मुहूर्तांबाबतही विचार करावा. मान्सून अंदमानात साधारण २०-२२ मेच्या सुमारास पोहोचतो, म्हणजे कोकणाच्याही आधी.

हौशी नवरानवरी ऑक्सिजनचे समजून जे नळकांडे पाठीवर बांधून खोल पाण्यात जातात, त्यात बहुधा साधी दाबलेली हवाच असते. खोलात दाबामुळे त्या हवेतला नायट्रोजन रक्तात विरघळतो आणि वर आल्यावर हळूहळू बाहेर पडतो. तेवढ्यात विमानात बसले, तर वरच्या कमी दाबात सोड्याची बाटली उघडल्यासारखे बुडबुडे तयार होतात. सांधे दुखतात, क्वचित पक्षाघातही होतो. म्हणून शेवटच्या डुबकीनंतर किमान अठरा तास, शक्यतो पूर्ण दिवस, विमान टाळावे. दमा, फिट्स, हृदयविकार किंवा गर्भारपण असेल तर हा खेळ नकोच. सर्दी असतानाही नको, कानाचा पडदा फाटतो.

मेंदीबाबत एक. झटपट काळा रंग देणाऱ्या मेंदीत केस रंगवायचे रसायन मिसळलेले असते. त्याने हातांवर फोड येतात, कधी कायमचे डाग राहतात. घरी वाटलेली किंवा खात्रीची, लालसर रंगाचीच मेंदी लावावी.

आणि परत आल्यावर महिन्याभरात कोणालाही थंडी वाजून ताप आला तर डॉक्टरांना अंदमानला जाऊन आल्याचे सांगा आणि हिवतापासाठी व डेंग्यूसाठी रक्त तपासून घ्या. डेंग्यूचा डास दिवसा चावतो, म्हणून मलम दुपारीही लावायचे असते.