शिष्यवृत्ती आणि घड्याळ

माझे वडील १९३६ साली पुण्यात कॉलेजात शिकले, ते वार लावून. सोमवारी सदाशिव पेठेत, मंगळवारी शनिवार पेठेत, बुधवारी पार नारायण पेठेच्या टोकाला. जेवण ज्याच्या घरचे, त्याच्या वेळेचे! यजमानांची पूजा लांबली की यांचा पहिला तास बुडालाच. दुसऱ्या वर्षी त्यांना एक लहानशी शिष्यवृत्ती मिळाली आणि खानावळ लागली. रक्कम किती होती ते त्यांना पुढे आठवत नसे; पण दिवसाचे अडीच तास वाचले, हे ते साठीतही बजावून सांगत.

मी पुढे प्राध्यापक झालो आणि काही वर्षे वसतिगृहाचा रेक्टर होतो. हाती पैसा आला की विद्यार्थी वेळेचे काय करतो, हे पाहायला याहून चांगली जागा नाही.

मराठवाड्यातला एक मुलगा आठवतो. पहाटे चारला उठून वर्तमानपत्रे टाकायची, संध्याकाळी एका दुकानात हिशेब लिहायचे आणि मधल्या वेळेत माझ्या तासाला पेंगायचे! त्याची शिष्यवृत्ती मंजूर झाली, दुकान सुटले. मला वाटले, आता हा पुस्तकांत बुडणार. स्वारी पहिला आठवडाभर नुसती झोपली. मी चिडलो. "अरे, याचसाठी का सरकार पैसे देते?"

"सर, दोन वर्षांची झोप राहिली आहे."

मी निमूटपणे परत फिरलो. नंतर मात्र तो प्रॅक्टिकल संपल्यावरही प्रयोगशाळेत रेंगाळू लागला, 'हे असे का होते' म्हणून विचारू लागला. घाईतल्या मुलाला 'का' विचारायला सवड नसते, हे मला तेव्हा समजले.

पण पुढचा हप्ता येईना. दिवाळी गेली, संक्रांत गेली. पोरगे पुन्हा दुकानात. पैसे आले ते मार्चअखेर, परीक्षा तोंडावर असताना, एकरकमी. त्यातून मेसची बाकी फिटली. गेलेल्या संध्याकाळी थोड्याच परत मिळतात? आता अर्ज महाडीबीटीवर भरतात, रक्कम थेट बँकेत जमा होते. उत्तमच. फक्त ती जूनची जूनमध्ये पडावी.

काही पालक म्हणतात, पोरांना मोकळा वेळ दिला की ती बिघडतात. काम करू द्या. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 'कमवा आणि शिका' हे व्रतच केले होते, असा दाखलाही देतात. दाखला खरा आहे. पण तिथे काम संस्थेचे होते आणि ते विद्यार्थ्याचे शिक्षण सांभाळून आखलेले. दुकानदाराला परीक्षेशी काय कर्तव्य?

बरे, दिलेल्या वेळेलाही मुदत असतेच. १९१३ साली बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर डॉ. आंबेडकर न्यूयॉर्कला गेले. १९१७ मध्ये मुदत संपली आणि लंडनचा अभ्यास अर्धा टाकून त्यांना परतावे लागले. तो पुरा करायला ते पुन्हा गेले १९२० साली.

मुदतीहून अवघड अट गुणांची. माझ्या शेवटच्या वर्षांतली गोष्ट. वर्गातली एक मुलगी पुरुषोत्तम करंडकाच्या एकांकिकेत काम करीत होती, आणि झकास करीत होती. तिला एका ट्रस्टच्या शिष्यवृत्तीचा अर्ज मीच भरायला लावला. वर्षाला साठ टक्के हवेत, ही अट आम्ही दोघांनी वाचली होती. शिष्यवृत्ती मिळाली आणि पंधरा दिवसांत ती माझ्याकडे आली.

"सर, मी तालमीला जाणे सोडले."

"का ग? तू तर नेहमी सत्तरच्या घरात असतेस."

"असते, सर. पण एखादा पेपर अवघड गेला तर? बाबांना मी फी मागणार नाही, असे सांगून बसले आहे."

तिला काय सांगावे, मला सुचले नाही. तिची भूमिका दुसऱ्या मुलीने केली. प्रयोगाच्या संध्याकाळी मी भरत नाट्यमंदिरात गेलो, तेव्हा तिला शोधत होतो. ती आली नव्हती. दुसऱ्या दिवशी ग्रंथालयात भेटली, तेव्हा पहिला प्रश्न तिनेच विचारला, "सर, तिसऱ्या प्रवेशातले ते वाक्य तिने नीट घेतले का?"