हवा किती तापली, हे विचारायचं कुठं?

सकाळी 8:30. सातारा रोडवरच्या गॅरेजचं शटर वर करतो तेव्हा सिटी आतच उभी आहे. रात्रभर निवलेलं इंजिन हवं होतं, म्हणून मालकाला काल संध्याकाळीच गाडी ठेवून जा म्हटलं होतं. होंडाची जुनी सिटी व्हीटेक, जिच्यावर पुण्यातली पोरं अजून जीव टाकतात. तक्रार एका ओळीची: घाट चढून चहाला थांबलं आणि पंधरा-वीस मिनिटांनी निघालं, की गाडी काही वेळ उचलतच नाही. मग आपोआप सुधारते. मालकानं औषधही ठरवून आणलंय, "दादा, हवेचा टेम्परेचर सेन्सर मॅनिफोल्डवरून काढून फिल्टरच्या पाइपात टाका." हल्ली पोरं निदान घेऊनच येतात. कधीकधी ते बरोबरही असतं.

8:45. आधी सेन्सर जिवंत आहे का ते बघू. कनेक्टर काढून मल्टिमीटर लावला: 1.9 किलोओहम. शेडमध्ये 27 अंश आहेत, म्हणजे ठीक. आतमध्ये थर्मिस्टर असतो, तापेल तसा त्याचा रोध घटतो. 20 अंशांना दोन-अडीच किलोओहम, 80 अंशांना जेमतेम तीनशे-साडेतीनशे ओहम. ईसीयू, म्हणजे इंजिनचा संगणक, त्याला पाच व्होल्टच्या सर्किटमधून वाचतो. इतकं साधं हे यंत्र, तोंडात धरायच्या सुपारीएवढं. सेन्सर बाहेर काढून त्याचं बोंड हातानं पुसलं तर बोट काळं झालं. क्रँककेसमधून येणारी तेलाची वाफ आणि काजळी त्यावर बसते, आणि मग सेन्सर बरोबर सांगतो पण उशिरा सांगतो. आधी कार्ब क्लीनरनं धुतला. निम्म्या गाड्यांचं काम इथंच संपतं, आणि त्यात पैसेही मिळत नाहीत.

9:30. या गाडीत हवा मोजणारा वेगळा मीटर नाही. मॅनिफोल्डमधला दाब, इंजिनचे फेरे आणि हवेचं तापमान या तिघांवरून ईसीयू हवेचा हिशेब मांडतो आणि तेवढं पेट्रोल सोडतो. गरम हवा विरळ, म्हणून पेट्रोल कमी. हिशेब केल्व्हिनमध्ये होतो. खरी हवा 42 अंशांची असताना सेन्सर 68 सांगत असेल, तर 315 भागिले 341, म्हणजे साडेसात टक्के हवा कमी धरली जाते. सावकाश चालवताना सायलेन्सरमधला ऑक्सिजन सेन्सर ही चूक भरून काढतो. पाय पूर्ण दाबला की तो हिशेबातून बाहेर, आणि चूक तशीच राहते. वर हवा तापलेली दिसली की बरेच ईसीयू ठिणगीही मागं घेतात. गाडी मेल्यासारखी वाटते ती यामुळे.

10:15. थर्मोकपलची बारीक वायर थ्रॉटलच्या आधी पाइपात सोडली, सेन्सरच्या सिग्नल वायरवर मीटर जोडला आणि बायपासवर एक फेरी मारली. चालत्या गाडीत पाइपातली हवा 43, सेन्सर 56. परत येऊन इंजिन बंद केलं, बॉनेट मिटलेलं ठेवलं आणि शेजारून चहा मागवला. चहा संपेपर्यंत सेन्सर 74 वर. हवा तर हललीही नव्हती. ॲल्युमिनियमच्या मॅनिफोल्डला चिकटलेला सेन्सर मॅनिफोल्डचं तापमान सांगत होता. पुन्हा निघालो तर तो 60 च्या खाली यायला कात्रजच्या बोगद्यापर्यंतचा रस्ता गेला. पोरगं बरोबर होतं.

तरी कंपनीनं तो तिथं उगाच बसवलेला नसतो. मॅनिफोल्डमधून जाताना हवा खरोखरच तापते. आयडलवर, ट्रॅफिकमध्ये, जेव्हा हवा हळू वाहते, तेव्हा जास्तच. सिलिंडरच्या दारात हवा किती गरम आहे, हे मॅनिफोल्डवरचा सेन्सर तेव्हा जास्त खरं सांगतो, आणि वेगात पाइपातला. दोन्ही जागा अर्ध्या खऱ्या. नव्या काही गाड्यांचे ईसीयू म्हणूनच हवेचा आणि कूलंटचा आकडा हवेच्या प्रवाहाप्रमाणे मिसळून घेतात.

11:30. काम सुरू. पाइप गाडीवरून काढूनच भोक पाडायचं, नाहीतर कीस सरळ इंजिनात. जागा निवडली फिल्टरनंतर आणि थ्रॉटलच्या आधी. फिल्टरच्या अलीकडे लावला तर धूळ आणि पावसाळ्यात पाणी. मूळचा रबरी-प्लास्टिकचा पाइपच ठेवला. हौसेनं चमकदार ॲल्युमिनियमचा पाइप बसवला की तो स्वतःच तापतो आणि आपण निघालो होतो तिथंच येतो. भोकात रबरी ग्रॉमेट, त्यात सेन्सर, बोंड प्रवाहाच्या मधोमध. टर्बो गाडीत हे चालणार नाही. दाबानं ग्रॉमेट उडून जाईल, तिथं आट्यांचा बंग हवा, आणि तोही इंटरकूलरच्या पुढं.

मॅनिफोल्डवरच्या रिकाम्या जागेवर जाड पत्र्याचं झाकण आणि गॅस्केट. तिथं हवा शिरली तर आयडल चढतो आणि माणूस आठवडाभर कारण शोधत बसतो. वायर दोनच. उलटसुलट झाल्या तरी थर्मिस्टरला फरक पडत नाही, पण अर्थची वायर सेन्सरच्या अर्थलाच ठेवायची, बॉडीला नाही. सोल्डर केलं, स्लीव्ह चढवली आणि वायरी प्लगच्या वायरींपासून दुरून नेल्या.

1:00. डबा उघडतोय तोच एकजण "पॉवर चिप" घेऊन हजर. ऑनलाइन मागवलेली, सेन्सरच्या कनेक्टरमध्ये घालायची. वरची स्लीव्ह कापली. आत एकच रेझिस्टर: पिवळा, जांभळा, लाल. म्हणजे 4.7 किलोओहम, म्हणजे गाडीला कायम वाटणार बाहेर सुमारे पाच अंश आहेत. पुण्यात चाळीस असताना हिशेबात बारा-साडेबारा टक्के पेट्रोल जादा. पाय दाबला की गाडी तेवढी रिच चालणार, प्लग काळे पडणार आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर हळूहळू जळणार. पाच रुपयांची वस्तू. परत पाठवा म्हटलं तर म्हणाला, रिटर्नची मुदत गेली.

दुपारी 2:30. सिटी चालू केली. चेक लाइट पेटला नाही. सेन्सरची वायर तुटली तर जुन्या होंडात कोड 10 येतो आणि नव्या गाड्यांत पी0113, कारण ईसीयूला उणे 40 दिसतं. इथं स्वच्छ.

4:00. कात्रजचा जुना घाट, मालक शेजारी. सायलेन्सरमध्ये मिश्रण मोजणारा वाइडबँड सेन्सर लावलेला. थांबून निघाल्यावर सेन्सर 54 ला होता, शे-दोनशे मीटरमध्ये 46 वर आला. गाडी पहिल्या वळणापासून उचलली. मालकाचा चेहरा उजळला. आणि तिसऱ्या गिअरमध्ये, पाय पूर्ण दाबून, तीन हजार फेऱ्यांच्या आसपास डब्यात खडे हलवावे तसा बारीक आवाज. नॉकिंग. आतापर्यंत चुकीचा आकडा वाचून ईसीयू ठिणगी मागं घेत होता, त्यामुळे इंजिन अजाणता वाचत होतं. आता सेन्सर गार हवा सांगतोय, ईसीयू ठिणगी पूर्ण पुढं नेतोय, आणि मॅनिफोल्ड, पिस्टन, सगळं पूर्वीइतकंच तापलेलं.

रस्त्याच्या कडेला टायमिंग लाइट लावला आणि डिस्ट्रिब्युटर सैल करून दोन अंश मागं घेतला. पुन्हा तोच चढ, आवाज गेला. पूर्ण पाय दाबल्यावर मिश्रण थोडं जास्तच रिच दिसलं, म्हणून मालकानं आधीच बसवलेल्या पिगीबॅकमधून, म्हणजे ईसीयूच्या जोडीला लावलेल्या डबीतून, पेट्रोल तीन टक्के कमी केलं. सेन्सरची जागा बदलली की पेट्रोल आणि टायमिंग तपासावंच लागतं, कारण सगळे नकाशे जुन्या जागेच्या आकड्यांवर आखलेले असतात. सेन्सर सरकवण्याचे व्हिडिओ असतात, त्यात हा भाग दाखवत नाहीत.

6:15. "दादा, पॉवर किती वाढली?" काहीच नाही. ॲव्हरेजही वाढणार नाही. हवा तितकीच गरम आत जातेय, फक्त ईसीयूला खरं कळतंय. थांबून निघाल्यावरचा मंदपणा गेला, तेवढंच विकत घेतलंस. बिलावर निम्मी मजुरी टायमिंग आणि मिश्रणाची लिहिली, सेन्सर सरकवण्याची नाही.

तुमच्या गाडीत एअर फ्लो मीटर असेल आणि तापमानाचा सेन्सर त्यातच बसवलेला असेल, तर तो थ्रॉटलच्या आधीच आहे, हात लावू नका. जुनी मॅनिफोल्डवाली गाडी असेल तर आधी सेन्सर धुवा, मग साधा थर्मोकपल घेऊन दोन्ही जागचं तापमान गाडी चालवून मोजा. फरक दहा अंशांच्या आत असेल तर पाइपाला भोक पाडू नका.