मॅच पॉइंटवर थांबला अन् हरला, तरी जगात तिसरा! वाचा डेव्हिड फेररची गोष्ट

मार्च २०१३. अमेरिकेतल्या मियामी शहरात टेनिसच्या मोठ्या स्पर्धेची फायनल सुरू होती. एका बाजूला ब्रिटनचा अँडी मरे, दुसऱ्या बाजूला स्पेनचा डेव्हिड फेरर. शेवटचा सेट आणि फेररला जिंकायला फक्त एक पॉइंट हवा होता.

मरेने मारलेला बॉल रेषेजवळ पडला. फेररला वाटलं आऊट आहे. त्याने खेळ तिथेच थांबवला आणि रिव्ह्यू मागितला. क्रिकेटमध्ये जसा डीआरएस असतो, तसंच तेव्हा टेनिसमध्येही खेळाडूने मागितलं की कॅमेऱ्याने बॉल कुठे पडला ते बघायचे. स्क्रीनवर दिसलं की बॉल रेषेला चाटून गेलाय. पॉइंट मरेचा! पुढे टायब्रेकमध्ये फेररला एकच पॉइंट मिळाला आणि हातातोंडाशी आलेला घास गेला.

एखादा खेळाडू यातून खचला असता. पण याच वर्षी जुलैमध्ये हाच फेरर जगात तिसऱ्या नंबरवर पोहोचला. गंमत म्हणजे टेनिसमधली सगळ्यात मोठी मानली जाणारी ग्रँड स्लॅम स्पर्धा त्याने आयुष्यात एकदाही जिंकली नाही. मग हे जमलं कसं? तेच आज समजून घेऊ.

टेनिस सोडून बांधकामावर गेला

फेररचा जन्म २ एप्रिल १९८२ चा. गाव हावेआ. स्पेनच्या आलिकांते प्रांतातलं, समुद्रकाठचं छोटं गाव. पोरगा टेनिस चांगलं खेळायचा, पण सरावाचा कंटाळा. त्याचे कोच हाविएर पिलेस फार कडक होते. सराव करायचा नाही म्हटलं की ते त्याला बॉल ठेवायच्या अंधाऱ्या खोलीत कोंडायचे, असं फेररनेच पुढे मुलाखतींमध्ये सांगितलं. आजच्या काळात अशी शिक्षा कुणीच योग्य म्हणणार नाही, आणि म्हणूही नये.

शेवटी वयाच्या सतराव्या वर्षी वैतागून त्याने टेनिस सोडलं आणि बांधकामावर मजुरी धरली. आठवडाभर काम केलं, तेवढ्यात अंगातली रग जिरली. टेनिसचा सराव यापेक्षा बरा, हे कळलं आणि तो स्वतःहून कोचकडे परत गेला. पुढची बरीच वर्षं, २०१३ च्या शेवटापर्यंत, या दोघांची जोडी टिकली.

उंची कमी, पण पाय थकत नव्हते

मोठ्या टेनिसपटूंची उंची बघितली तर बरेच जण सहा फुटांच्या वर असतात. उंच माणसाला सर्व्हिस वरून जोरात मारता येते, त्यामुळे पॉइंट झटपट मिळतात. फेररची उंची पाच फूट नऊ इंच. म्हणजे हा फुकटचा फायदा त्याला नव्हता.

मग त्याने वेगळा रस्ता धरला. समोरच्याने कितीही जोरात मारलं तरी बॉल परत पाठवायचा. एकदा, दोनदा, वीस वेळा. समोरचा दमून चूक करेपर्यंत सोडायचं नाही. समोरच्याची सर्व्हिस परत मारण्यात तर तो जगातल्या सर्वोत्तम खेळाडूंमध्ये गणला जायचा.

याला स्पेनच्या लाल मातीची साथ मिळाली. टेनिसचं लाल मैदान म्हणजे विटांचा बारीक चुरा पसरलेलं मैदान. त्यावर बॉल जरा हळू येतो आणि उंच उसळतो. नुसत्या जोरावर तिथे काम भागत नाही, पळावं लागतं. स्पेनची पोरं याच मातीवर लहानाची मोठी होतात.

जिंकणारा पाचवा, हरणारा चौथा!

आता मुख्य प्रश्न. ग्रँड स्लॅम न जिंकता तिसरा नंबर कसा?

टेनिसची रँकिंग मागच्या ५२ आठवड्यांच्या पॉइंटवर चालते. जिंकणाऱ्याला सगळ्यात जास्त पॉइंट, पण सेमीफायनल किंवा क्वार्टर फायनलपर्यंत गेलेल्यालाही पॉइंट मिळतात. आणि वर्षभराने त्या स्पर्धेचे जुने पॉइंट खात्यातून जातात, नवे जमा होतात.

जून २०१३ चं उदाहरण घ्या. फ्रेंच ओपनच्या फायनलमध्ये राफेल नदालने फेररला ६-३, ६-२, ६-३ असं सरळ हरवलं. नदालची ही आठवी फ्रेंच ओपन. पण दुसऱ्या दिवशी रँकिंग आली तर नदाल चौथ्यावरून पाचव्यावर घसरलेला आणि हरलेला फेरर चौथ्यावर चढलेला!

हिशोब सोपा आहे. नदाल आदल्या वर्षीही तीच स्पर्धा जिंकला होता. म्हणजे जुने २००० पॉइंट गेले, नवे २००० आले. वाढ शून्य. शिवाय मधले सात महिने तो गुडघ्याच्या दुखण्यामुळे खेळलाच नव्हता. फेरर आदल्या वर्षी सेमीफायनलला हरला होता, त्याचे ७२० पॉइंट होते. यावेळी फायनल खेळल्याचे १२०० मिळाले. म्हणजे ४८० ची वाढ.

फेररचं खरं बळ हेच होतं. २०१२ च्या सुरुवातीपासून २०१४ च्या फ्रेंच ओपनपर्यंत सलग १० ग्रँड स्लॅम स्पर्धांमध्ये तो किमान क्वार्टर फायनलला पोहोचला. एकट्या २०१२ मध्ये त्याने ७ स्पर्धा जिंकल्या. त्यात पॅरिस मास्टर्सही होती, त्याच्या करिअरमधली सगळ्यात मोठी स्पर्धा. म्हणजे एकदम लॉटरी लागली नाही, पण खात्यात दर आठवड्याला थोडं थोडं जमा होत राहिलं.

चौघांच्या सावलीत

फेररचा काळ म्हणजे फेडरर, नदाल, जोकोविच आणि मरे यांचा काळ. मोठ्या स्पर्धेत शेवटाकडे गेलं की यांपैकी कुणीतरी समोर यायचंच. फेडररशी तो १७ वेळा खेळला आणि १७ वेळा हरला. एकदाही जिंकला नाही. तरी अठराव्यांदा गाठ पडली असती तर तो तेवढंच पळाला असता, हे बघणाऱ्यांना माहीत होतं.

नदालला मात्र त्याने मोठ्या मैदानांवर हरवलं. २००७ ची यूएस ओपन आणि २०११ ची ऑस्ट्रेलियन ओपन, दोन्हीकडे.

देशासाठी खेळताना

डेव्हिस कप ही देशांची स्पर्धा. स्पेनने २००८, २००९ आणि २०११ मध्ये ती जिंकली तेव्हा फेरर संघात होता. २००९ च्या फायनलमध्ये चेक खेळाडू राडेक स्टेपानेकविरुद्ध तो पहिले दोन सेट १-६, २-६ असे हरला होता. सगळ्यांनी आशा सोडली. त्यानंतर त्याने तीन सेट काढले, शेवटचा ८-६ असा. २०११ च्या फायनलमध्ये अर्जेंटिनाच्या देल पोत्रोलाही त्याने पाच सेटमध्ये हरवलं.

आपल्याकडेही तो येऊन गेलाय. सप्टेंबर २०१६ मध्ये दिल्लीत भारत-स्पेन डेव्हिस कप लढत झाली. तिथे त्याने साकेत मायनेनीला हरवलं. स्पेनने ती लढत ५-० ने घेतली.

शेवट आणि नवी सुरुवात

२०१७ मध्ये, पस्तिशीत, त्याने स्वीडनमध्ये शेवटची स्पर्धा जिंकली. ती २७ वी. मे २०१९ मध्ये माद्रिदला अलेक्झांडर झ्वेरेव्हकडून हरून त्याने खेळ थांबवला. तोवर ७३४ सामने जिंकले होते आणि बक्षिसापोटी ३ कोटी १० लाख डॉलरहून जास्त कमाई झाली होती.

पुढे तो स्पेनच्या डेव्हिस कप संघाचा कॅप्टन झाला. टेनिसमध्ये कॅप्टन स्वतः खेळत नाही. कोणाला उतरवायचं ते ठरवतो आणि मैदानाकडेला बसून धीर देतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये मालागाला नदाल आयुष्यातला शेवटचा सामना खेळला, तेव्हा त्याच्या बाजूला कॅप्टन म्हणून फेररच बसला होता. ज्याने त्याची एकमेव ग्रँड स्लॅम फायनल हिरावली, त्यालाच निरोप द्यायला.

फेररच्या कपाटात ग्रँड स्लॅमची ट्रॉफी नाही. मियामीचा तो एक बॉलही परत येणार नाही. पण सतराव्या वर्षी विटा उचलायला गेलेलं पोरगं परत फिरलं, आणि पुढची वीस वर्षं दर आठवड्याला मैदानावर उभं राहिलं. तिसरा नंबर त्यातूनच आला.